प्रति: नंबर प्लेट झाकली, पण फोटो कोणाचा?
जुन्या गाड्यांच्या फोटोत नंबर प्लेट ब्लर केली की प्रिंट विकायला मोकळे, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. प्लेट झाकावीच, पण खरी मेख वेगळी आहे: शूटचे पैसे कोणी दिले? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक फोटोग्राफरच. मात्र कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर मालकी त्या गिऱ्हाइकाची. म्हणजे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पहाटे स्वतःच्या हौसेने टिपलेली पद्मिनी गाडी खुशाल आर्ट गॅलरीत विक्रीला लावा. पण वाशीच्या एखाद्या काकांनी पैसे देऊन आपल्या कॉन्टेसा गाडीचं शूट करून घेतलं असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय एकही प्रिंट विकू नका.

मी बुकिंग घेतानाच लिहून घेतो की कॉपीराइट माझ्याकडे राहील आणि प्रिंट विकायला हरकत नाही. बहुतेक मालक खुशीत हो म्हणतात, वर एक मोठी प्रिंट फुकट मागतात (द्यावी, तीच बघून पुढची गिऱ्हाइकं येतात). आणि साइझ १२ बाय १८ इंच ठेवा. बहुतेक डीएसएलआरचं ३:२ प्रमाण त्यात नेमकं बसतं. ए३ कागदाचं प्रमाण वेगळं, त्यामुळे गाडी फ्रेमभर असेल तर त्यात बंपर कापला जातो.