अनुभव धागा : माळ्याचे झरोके, जाळ्या आणि उंदीर-वानरं

मृगाच्या आधी कवेलू (छपराची कौलं) फेरायचं काम निघतं तेव्हा आपण मयाली (छपराच्या लाकडी तुळया), बांबू, फुटकी कवेलू सगळं बघतो, पण माळ्याच्या झरोक्याकडं कोणी बघत नाही आणि उंदीर, खारी, वटवाघळं तिथूनच शिरतात. बुजवून टाकता येत नाही, आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा खेळलीच पाहिजे. तुम्ही काय करता, सांगा.

यवतमाळ जिल्हा, खेडं
भाव वाढायची वाट बघत कापूस घरात भरलेला होता. उंदरांनी झरोक्याची प्लास्टिकची जाळी कुरतडली, कापसात पिल्लं घातली आणि त्यांच्या मागं धामण आली. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, तो कुरतडणारच, त्याला प्लास्टिक म्हणजे काहीच नाही भाऊ. आता गॅल्वनाइज्ड वेल्डमेश (जस्ताचा थर दिलेली लोखंडी तारेची जाळी) लावली आहे, भोक पाव इंचाचं. अर्ध्या इंचाची घेऊ नका, त्यातून लहान उंदीर येतो. खिळे नाही, चौकटीला पट्टी लावून स्क्रूनं आवळली, आणि दिवाळीनंतर एकदा, उन्हाळ्यात एकदा शिडी लावून हात फिरवतो, गंज कुठं, कडा कुठं उचलली ते हातालाच कळतं.

वरुड
आमच्याकडं संत्र्याचे बगीचे, वानरं लय हायेत बापा. कडुनिंबाच्या फांदीवरून डायरेक्ट कवेलूवर उडी, कवेलू सरकते, झरोक्याची चौकट हलते. मी त फांद्याच छाटल्या, छपरापासून चांगल्या लांब. मंग तरास कमी झाला. वानराले मारू नका, कायद्यानं गुन्हा हाय अन् मनालेही पटत नाई.

गडचिरोली
मोहफुलं वाळवून माळ्यावर ठेवतो, वासाला खारी येतात. जाळीसोबत झाकणाचे डबे केले तेव्हा खरा फरक पडला. नुसती जाळी पुरत नाही, आत खायला असेल तर ते दुसरीकडून वाट काढतातच.

ब्रह्मपुरीजवळून, एक ताई
वटवाघळांचं मला कळकळीनं सांगायचं आहे. दिवसा जाळी ठोकली तर ती आत कोंडून मरतात. आधी संध्याकाळी अंगणात बसून बघायचं, कुठून बाहेर पडतात ते. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायचं. नंतर झरोक्यावर बारीक जाळी वरून लोंबती लावायची, खालून मोकळी, म्हणजे बाहेर पडतात पण आत येता येत नाही, काही दिवसांनी सगळं शांत झालं की पक्की जाळी. लेंड्या कोरड्या झाडू नका, तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून मगच. आणि ती रात्री किती किडे खातात, ती काही आपली वैरी नाहीत.

वर्धा, विचारतोय
जाळी मजबूत आहे पण बाजूची मातीची भिंतच पोखरतात, तिचं काय करू दादा?

यवतमाळवाले
भोक खरवडून मोकळं करा, काचेचे बारीक तुकडे टाकून सिमेंटनं भरा, हातात जाड मोजे घाला. पण त्याआधी भोकाच्या तोंडाशी पीठ पसरून रात्र जाऊ द्या, सकाळी पाऊल उमटलं नाही तरच भरा, नाहीतर उंदीर आत कोंडला जाऊन मरेल आणि वास सुटेल.