ओपीडीतल्या सिस्टरचं कौतुक कुठे कळवायचं?

सातारकर: आईला दर महिन्याला सरकारी ओपीडीत नेतो, तिथल्या सिस्टर एवढ्या गर्दीत पण शीर सापडेना तर वैतागत नाहीत, आईशी गप्पा मारत हात चोळतात मग सुई. पेढे नेले तर घेईनात. काय करू?

रिटायर्ड_सिस्टर: पेढे नको रे बाबा, मेट्रनच्या (म्हणजे मुख्य नर्सच्या) नावाने पत्र दे. नुसतं "चांगल्या आहेत" नको, हा शिरेचा किस्साच लिही. एक कॉपी त्यांना. मला मिळालेली दोन पत्रं अजून कपाटात आहेत.

घाटावरचा: अमेरिकेत नर्सेससाठी डेझी अवॉर्ड आहे, पेशंटचे नातेवाईकपण नर्सचं नाव सुचवू शकतात. आपल्याकडे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार.

सातारकर: पत्रच बरं. १२ मेला परिचारिका दिन, तेव्हा देऊ?

रिटायर्ड_सिस्टर: तोवर कशाला थांबतोस!