जुन्या शिसवी आरामखुर्चीवरचा ऑइलपेंट कसा काढायचा? मदत हवी आहे

रत्नागिरीकडच्या घरात पडवीत एक आरामखुर्ची होती, ती जुनी लांब हातांची, वर पाय टाकून पडता येतं तसली. शिसवी आहे म्हणतात आणि वजनावरून तरी खरं वाटतं. कोणीतरी कधीतरी गणपतीच्या आधी दारंखिडक्या रंगवताना उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट हिलाही फासलाय, तोही चांगला दोन-तीन हात. आता पापुद्रे सुटतायत आणि खालून जांभळट तपकिरी रेषा दिसायला लागल्यात, त्या बघून राहवेना म्हणून ठाण्याला घेऊन आलो. इथला मिस्त्री म्हणतो घासायचं मशीन मारून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) करून देतो, नवीकोरी दिसेल. अहो पण मला नवीकोरी नकोच आहे!

तर पेंट हीटगनने काढू का? एक हात डगमगतोय, खिळा न मारता कसा बसवायचा? मागच्या एका पायाखाली पिठासारखा भुसा पडतो, ही वाळवी का? आणि पाठीचा वेत पार फाटलाय.

प्रतिसाद १
मशीन अजिबात नको, कडा आणि कोरीवकाम गोल होऊन जातं. कोरडं घासूही नका, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली) आणि शिसवाचा भुसा काहींच्या अंगावर उठतो तो वेगळाच. पेंट रिमूव्हर लावा, फुगला की बोथट पत्रीने ओढा, हातमोजे घालून आणि गॅलरीत बसून. हीटगन सांध्यांजवळ नको कारण जुने सांधे बहुतेक सरसाचे (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाचे) असतात आणि सरस उष्णतेने सुटतो. पण डगमगणाऱ्या हाताला हेच कामाला येईल, गरम पाण्याचं फडकं धरून सांधा मोकळा करा, जुना सरस पूर्ण खरवडा (त्याच्यावर फेव्हिकॉल धरत नाही) आणि मग चिकटवून क्लॅम्प लावा.

प्रतिसाद २
वाळवी नाही वाटत, वाळवी माती आणते. बारीक भोकं असतील तर बोरर (लाकूड पोखरणारा किडा) आहे, तो बहुतेक सालीकडच्या पांढऱ्या लाकडात लागतो, गाभ्याला सहसा नाही. भोकांत सिरिंजने बोररचं औषध सोडा आणि खाली काळा कागद ठेवा, परत भुसा पडला तर अजून जिवंत आहे.
पॉलिश चपडी लाखेचंच (शेलॅकचं) करा, लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम, पातळ पातळ हात. पण आत्ता पावसात नको, दमट हवेत पांढुरकं येतं. दिवाळीनंतर करा.
वेताचं म्हणाल तर चौकटीला भोकं आहेत का खाच आहे ते बघा. खाच असेल तर तयार जाळी बसते, भोकं असतील तर हातानेच विणावं लागतं.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. आत्ताच बघितलं, भोकंच आहेत. ठाणे-मुंबईत हाताने वेत विणून देणारं कोणी आहे का आणि साधारण किती घेतात?