विश्वासात वाढ झाली हे ओळखायचं कशावरून?

बांधावरचा (नगर जिल्हा)

सलाम मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये पंचांची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांची, निवड आहे. परवाच्या बैठकीत नावं निघाली आणि प्रत्येक नावामागे तीच कारणं आली: उपासना चुकवत नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग) चर्चला वेळेवर देतो, प्रार्थना फार सुंदर करतो, चाळीस दिवस उपास धरला होता. या माणसाकडे कुणाचं देणं थकलंय का, सख्ख्या भावाशी तो बोलतो का, हे एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मांडतो.

माझे वडील वीस वर्षं पंच होते. ते प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. पण चुलत्याच्या रानाला लागून असलेला आमचा बांध दर नांगरटीला थोडा थोडा सरकत गेला होता. कोरला आम्हीच. त्यावरून अकरा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं, आणि दोन्ही घरं एकाच चर्चमध्ये एकाच मेजावरून प्रभुभोजन घेत होती. गेल्या मे महिन्यात, पेरणीच्या आधी, वडील टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन चुलत्याकडे गेले. जुन्या मोजणीचा दगड उकरून काढला, फक्की मारली आणि सव्वादोन हात पट्टी मोकळी करून दिली. त्याची साक्ष त्यांनी अजून चर्चमध्ये दिलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "साक्ष कसली? चोरी होती ती."

माझ्या मते वाढ म्हणतात ती हीच. माणूस आपलं चुकलेलं पदरचं घालून दुरुस्त करायला लागला, की समजावं आत काहीतरी हललंय. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा कोण किती रडलं हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, एवढा हिशेब मात्र नीट लिहून ठेवलाय. बाकीच्या खुणांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

पहाटप्रार्थना (पिंपरी)

प्रेज द लॉर्ड, भाऊ. वडिलांचं वाचून डोळे भरून आले. पण शेवटच्या ओळीला माझा ठाम विरोध आहे.

तुम्हाला टेप घेऊन निघालेले वडील दिसले. त्याच्या आधीच्या रात्री त्यांनी कुठे गुडघे टेकले, ते तुम्हाला कुठून दिसणार? माझा नवरा रोज प्यायचा. रात्रभराच्या एका सभेत तो जमिनीवर पडून लहान मुलासारखा रडला. या गोष्टीला नऊ वर्षं झाली, बाटलीला हात लावलेला नाही. त्या रडण्याला तुम्ही खूण मानणार नसाल, तर माझा संसार उभा राहिला त्या रात्रीला काय नाव द्यायचं?

पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं, निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन आठवा. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी संजीवनासाठी (मंडळीत विश्वास नव्याने पेटावा म्हणून) प्रार्थनेचा गट सुरू केला आणि जूनमध्ये मुलींवर पवित्र आत्मा उतरला. पापं कबूल करत रात्रभर त्यांचं रडणं, ओरडणं. ते बघून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. आणि खुद्द रमाबाई? बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलंय की त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे काही वर्षांनी भेटला. एवढ्या विदुषीला अनुभवाची गरज पडली. आपण कोण?

बांधावरचा

ताई, तुमच्या घरात देवाने केलेल्या कामाला मी नाही म्हणत नाही. पण मी तर असं म्हणेन की तुमची खूण नऊ वर्षांची न प्यालेली दारू आहे. त्याच सभेत त्या रात्री आणखीही लोक पडून रडले असतील. सगळ्यांची सुटली का?

अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स नावाचे पाळक होते. १७३४-३५ मध्ये त्यांच्याच नॉर्थॅम्प्टन गावात मोठं संजीवन झालं, पुढे १७४० नंतर सगळ्या न्यू इंग्लंडमध्ये. ते संजीवनाचे कैवारीच होते. तरी नंतर कितीजण थंड पडले हे पाहून त्यांनी १७४६ मध्ये याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आधी बारा गोष्टी सांगितल्या ज्यांवरून काहीच ठरत नाही: भावना किती तीव्र, अंग थरथरलं का, बोलणं किती ओघवतं, वचनं मनात आपोआप आली का, उपासनेत किती वेळ घालवला. अशा गोष्टी खऱ्या माणसात असतात आणि खोट्यातही. मग बारा खऱ्या खुणा, आणि त्यांत शेवटची नि सर्वांत मोठी म्हणजे आचरण. आमच्या बैठकीतली जवळजवळ सगळी कारणं त्यांच्या पहिल्या यादीत बसतात!

रमाबाईंचंच घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली वाचवून घेऊन आल्या. मुक्तीचं संजीवन व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता.

पहाटप्रार्थना

आणि ख्रिस्त त्यांना भेटला तो दुष्काळाच्या आधी. हेही लिहा ना भाऊ.

वाडीतला (वसई)

मी कॅथलिक आहे, तरी बोलतो. तुम्हा दोघांच्या वादात एक गृहीत आहे की वाढ दिसते, बघणाऱ्याला नीट बघता आलं पाहिजे एवढंच. मला ते मान्य नाही.

ताईंना सांगतो, कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली. अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, आत नुसता काळोख. अनुभवाचा काटा लावला तर त्यांची वाढ शून्य निघेल.

आता बांधावरचे भाऊ. ज्या एडवर्ड्सची बारा लक्षणं तुम्ही सांगितलीत, त्यांनी १७३१ मध्ये न्यूपोर्टला जाऊन व्हीनस नावाची चौदा वर्षांची मुलगी ८० पौंडांना गुलाम म्हणून विकत घेतली होती. आचरण ही सर्वांत मोठी खूण, हे लिहिणारा हात तोच. घरात पाणी भरणारी ती पोर त्यांना आचरणात मोजावीशी वाटली नाही. मी हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. माणसाला स्वतःचं आचरणही अर्धंच दिसतं. आमच्याकडे पापनिवेदन दुसऱ्या माणसापुढे जाऊन करायचं असतं, त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं. आणि तुमच्या-आमच्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना आजही पूर्वाश्रमीची जात विचारतात. बांध परत करणारा माणूस त्या प्रश्नाला काय उत्तर देतो, तेही बघा.

उंबरठा (मुंबई, मूळ जालन्याची)

सगळं वाचलं. मला वेगळंच सांगायचंय.

"आत्म्याचं फळ" ही गलतीकरांच्या पत्रातली यादी मला पाठ आहे, कारण ती मला सात वर्षं वाचून दाखवली गेली. सहनशीलता, सौम्यता. नवरा मारायचा, पाळक घरी यायचे, प्रार्थना व्हायची, आणि सहन करतेयस म्हणजे विश्वासात वाढतेयस असं मला सांगितलं जायचं. त्याच अध्यायात, त्याच्या जरा वरच, देहाची कर्मं दिली आहेत: वैर, कलह, राग, दारूबाजी. ती नवऱ्याला कुणी वाचून दाखवली नाहीत. मी ज्या दिवशी पोलीस चौकीची पायरी चढले, त्या दिवशी मंडळीच्या लेखी मी "मागे पडले". माझ्या लेखी मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली होती.

रमाबाईंचं नाव निघालंय म्हणून सांगते. इंग्लंडात असताना त्या त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर) आणि चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारायच्या, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. दोघींची पत्रं उपलब्ध आहेत. शेजारी बसून, प्रेमाने बघणाऱ्या बाईचंही निदान चुकलं. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल केलं.

म्हणून भाऊ, खूण कुठली हा प्रश्न नंतरचा. ती कोण तपासतंय आणि कुणाची, हे आधी विचारा. तुमच्या वडिलांचं तुम्ही एवढं लिहिलंत. त्या अकरा वर्षांत तुमची आई काय करत होती?

बांधावरचा

उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण आईला विचारावं लागलं.

चार वर्षांपूर्वी चुलतीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तिच्याजवळ तीन रात्री आईच होती. आम्हाला माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं. चुलतभावाच्या मुलीची बारावीची फीसुद्धा कोंबड्या विकून हिनेच दिली. घरात कुणाला पत्ता नाही. जुना दगड कुठे पुरलाय हेही वडिलांना तिनेच दाखवलं, कारण तो बुजवताना तिने पाहिलं होतं. मी इथे वाढीच्या खुणा सांगत होतो आणि एकाच चुलीवरचं जेवत असून मला हे ठाऊक नव्हतं. वसईकर भाऊ, तुमचं म्हणणं मला इथे लागलं.

तरी माझं मूळ मत मी सोडत नाही. आईच्या बाबतीतही मला दिसलं ते तिने केलेलंच दिसलं.

पहाटप्रार्थना

माउलीला माझा सलाम सांगा. पण भाऊ, घरात खोटं सांगून जाणं मला पटत नाही. फळात "विश्वासूपणा" पण आहे.

उंबरठा

ताई, खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का?

बांधावरचा

नसतं जाऊ दिलं. त्या वेळी मीसुद्धा अडवलं असतं.

पंचांच्या यादीत मी आईचं नाव सुचवणार आहे. आमच्या मंडळीत आजवर बाई पंच झालेली नाही, पण घटना काढून वाचली, नियम कुठेच आड येत नाही. अनुमोदनाला अजून एक सही लागते. चुलतीला विचारायला उद्या जातोय. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.