चर्चच्या गाड्या
वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतला वर्णभेद कोर्टाने आणि सरकारने संपवला, चर्चचं काम प्रार्थनेपुरतं. अर्धंच खरं आहे हे. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, पण तीन वर्षांनी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना वर्गात पोचवायला अध्यक्ष आयसेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं. म्हणजे निकाल कागदावरच होता.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमरी शहराचं बघा. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला, तोही बहुतेक चर्चच्या जिवावर. सभा तिथेच, वर्गणी तिथेच. लोकांना कामावर न्यायला स्टेशन वॅगन घेतल्या आणि त्या चर्चच्या नावावर नोंदवल्या. विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. नोव्हेंबर १९५६ मध्ये शहराने या वाहतुकीवर कोर्टातून बंदी आणली. गंमत म्हणजे त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने बसमधला वर्णभेदच बेकायदा ठरवला!

आता 'चर्च' म्हणताना सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली आठ गोऱ्या धर्मगुरूंनी (त्यात एक रब्बीही होते) वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं अवेळी आहेत असं जाहीर पत्रक काढलं होतं. चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंगनी तुरुंगातून लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र याच मंडळींना उत्तर होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्याच सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा त्यानंतर, जुलै १९६४ मध्ये आला.