मदत हवी आहे: मँचेस्टर की बर्लिन?

नमस्कार मंडळी. नवऱ्याला दोन्हीकडून ऑफर आहे, महिन्याअखेर कळवायचंय. लेक तीन वर्षांची. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायचे पैसे, भरायचा: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. वर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता, कापणार ते वेगळंच! मला हे अन्यायाचंच वाटतं. बर्लिनमध्ये किटाची, म्हणजे तिथल्या बालवाडी-पाळणाघराची, फी नाही. जेवणाचे तेवढे महिना २३ युरो. कमाई नसलेली बायको-मुलं नवऱ्याच्या सार्वजनिक आरोग्यविम्यातच येतात. पण किटात जागा मिळायला किती थांबावं लागतं? जर्मन येत नसेल तर डॉक्टरकडे कसं निभावता? आणि मँचेस्टरकरांनो, तापलेल्या पोराला जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट त्याच दिवशी मिळते का? ऐकीव नको, स्वतःचा अनुभव सांगा, प्लीज.