मदत हवी आहे: उन्हात गेलं की हातावर पुरळ
मंडळी, चैत्रात जोतिबाला चालत गेलो आणि दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातांवर, गळ्याखाली मोहरीएवढं लाल पुरळ उठलं, बांगड्यांखालची कातडी तेवढी स्वच्छ, आणि खाज इतकी की रात्रभर झोप नाही तिला. डॉक्टर म्हणाले पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन, म्हणजे उन्हानं उठणारं पुरळ, थंड देशांत धडधाकट माणसांतही 10 ते 20 टक्के लोकांना होतं, बायकांना जास्त, काचेतून येणाऱ्या उन्हातल्या यूव्हीए किरणांनीपण उठतं. ल्युपसची (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, त्यातही उन्हानं पुरळ येतं) तपासणी नॉर्मल आलीय, तेवढा जीव भांड्यात पडला. पण आपल्याकडं तर बारा महिने ऊन, इथं कुणाच्या घरात झालंय का? दरवर्षी उन्हाळा लागला की परत येतं, का सवय होईल तसं कमी होतं? गाडीवर जाताना सनकोट पुरतो का, सनस्क्रीन कुठलं लावता? लवकर सांगा, लई त्रास होतोय तिला.